भरून येणं

"नर्सम्मा, तुमच्या पायातून रक्त येतंय," भुवना म्हणाली, तेव्हा शांभवीने आधी मागे वळून पाहिलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी पायाबद्दल ती बोलत असावी असं तिला वाटलं.

ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. भुवना सातव्या महिन्यातली पोटुशी, भिंतीला टेकून बसलेली. तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळलेला. आणि नुकत्याच पुसलेल्या लाल सिमेंटवर, पायरीपासून थेट शांभवी मांडी घालून बसली होती तिथपर्यंत, उजव्या पायाचे ठसे उमटलेले. लालावर लाल, म्हणून तिच्या नजरेतून सुटले होते.

शांभवीने पाय उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, एक भोक पडलं होतं. ती लंगडत नव्हती, तरी उगाच लंगडल्यासारखं करत पायरीशी गेली आणि चप्पल उचलली. चांभाराने अंगठा शिवताना मारलेला खिळा तळातून वर आला होता. सकाळी घरातून निघताना घातलेली ही चप्पल. बसमधून उतरून कालव्याच्या बांधाने दोन गावं तिने याच चपलेवर पालथी घातली होती.

"दुखत नाही होय?" भुवनाने विचारलं.

"नाही गं," शांभवी म्हणाली, आणि स्वतःचंच उत्तर कानावर पडल्यावर तिने खिळ्याचं टोक पुन्हा बोटाने चाचपलं.

तमिळ मुलखातल्या तिरुवैयारूपलीकडच्या गावांची ती आरोग्यसेविका. ऐन तरुणपणापासून हाच मुलूख. गरोदर बायका, लसी, तापाच्या गोळ्या, सगळं तिच्याकडे. कुष्ठरोगाची तपासणीही तिच्याचकडे. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक तळव्याला टेकवायचं आणि विचारायचं, लागतंय का? जिथे 'हो' येत नाही तिथे खूण करायची. हे काम तिने इतक्यांदा केलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या दुपारी उपकेंद्राचं दार लावून ती बाकावर बसली. पाय मांडीवर घेतला, नजर समोरच्या कुटुंबनियोजनाच्या चित्रावर ठेवली आणि पेन टेकवत गेली. लागलं की मनात म्हणायचं, हो. दोनदाच 'हो' म्हटल्याचं तिला आठवत होतं. खाली पाहिलं तर सगळा तळवा शाईच्या निळ्या ठिपक्यांनी भरून गेला होता.

मग तिने डावा पाय घेतला. तोही तसाच.

साखरेचा आजार तिला काही नवा नव्हता. गोळ्या चालू होत्या, आणि सणावाराला गोळ्यांबरोबर गोडही चालू होतं. तिच्या वडिलांना, एकोजीरावांना, हाच आजार. तालुका कचेरीत कारकून होते ते. गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजला तो त्यांना कळलाच नाही, आणि काळा पडत पडत शेवटी गुडघ्याखाली कापावा लागला. पुढच्या दिवाळीपर्यंत ते ओसरीवरच्या खुर्चीत बसून होते. जो पाय नव्हता त्याच्या अंगठ्याला खाज सुटली की शांभवीला हाक मारायचे, आणि ती मुकाट्याने हवेत खाजवल्यासारखं करायची. लग्नाआधीची गोष्ट. ती तिने नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

जखमेत तिने कापूस कोंबला, वरून पट्टी बांधली आणि घरी गेली.

घर म्हणजे शहरातल्या जुन्या मराठा राजवाड्यामागच्या बोळातलं; दोघंही पिढ्यांपासून इथे रुजलेल्या मराठी घरांतली. नवरा, अनिरुद्धराव, तमिळ शाळेत गणित शिकवायचे. मूलबाळ नव्हतं. दोघं पहाटे उठायची, फिल्टर कॉफी घ्यायची, आपापल्या बसला जायची. शांभवीने पट्टी लपवायला काठ लांब सोडून साडी नेसायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी न्हाणीघरात दार लावून ती जखम धुवायची. भोक बुजत नव्हतं. त्याची कड पांढरी, जाड होत चालली होती आणि आतून पाणी यायचं. मग एके दिवशी त्या पाण्याला वास आला.

"घरांत कांही तरी मेलं अहे," अनिरुद्धराव म्हणाले. रविवारची सकाळ होती. "उंदीर असेल की."

त्यांनी कपाट सरकवलं. तांदळाच्या पिंपामागे पाहिलं. मग धोतर खोचून, हातात टॉर्च घेऊन, ते चक्क चारी पायांवर पलंगाखाली शिरले. पलंगावर शांभवी पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या खालून त्यांचा आवाज येत होता, "इकडेच अहे. इथें जास्ती येतो वास. तूं जरा उतर बघूं."

तिला ते सहन झालं नाही.

"उंदीर नव्हे हो," ती म्हणाली. "मी अहे."

ते पलंगाखालून बाहेर आले. केसांना जळमट लागलं होतं. तिने पट्टी सोडली. त्यांनी जखम पाहिली, टॉर्च तसाच पेटता जमिनीवर ठेवला आणि तिच्याशेजारी बसले.

"मला काशास सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं," शांभवी म्हणाली.

डॉक्टर भरद्वाजांचा दवाखाना जुन्या बसस्टँडच्या मागे. माणूस आपल्यातला, मराठी घरचा, वयाने शांभवीहून लहान. त्यांनी मेलेलं मांस कात्रीने कापून काढलं. शांभवी उशीवरून मान उचलून बघत होती. एवढं कापूनही काही लागत नाही हे पाहताना तिला घाम फुटला. अनिरुद्धराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"हाडापर्यंत गेलेलं नाही अजून," एक्स-रेचा फोटो उजेडात धरून डॉक्टर म्हणाले. "गेलं असतं तर अंगठा काढावा लागला असता. अंगठ्यावर थांबलं असतं असंही नाही, तुम्हाला माहीत आहे."

तिला माहीत होतं.

"या आजारात जखम भरून येणं विसरून जाते," ते पुढे म्हणाले. "साध्या माणसाला खरचटलं तर शरीर प्रथिनाचे छोटे छोटे तुकडे सोडतं, पेप्टाइड म्हणतात. ते हाका मारतात. इकडे या, इथे नवी कातडी बांधा, इथे रक्तवाहिनी आणा. तुमच्या पायात त्या हाका कुणी मारत नाही. आता परदेशातल्या एका कंपनीने तसला तुकडा बाहेर तयार केलाय. पाव फुगवतात ना ते यीस्ट, त्याच्याकडून करवून घेतात. त्याचं जेल. पूर्वी असलं काही इथवर यायला जन्म गेला असता. आता देशाची दारं उघडलीत, तर कंपन्या स्वतःच येतायत. त्यांची चाचणी माझ्याकडे चालू आहे. तुम्हाला घेऊ शकतो."

"मग द्या की!" अनिरुद्धराव वळले.

"एक गोष्ट आहे, सर. निम्म्या लोकांच्या ट्यूबमध्ये औषध असतं. निम्म्यांच्यात नुसतं जेल. कुणाला काय मिळालं ते मलाही कळत नाही. ती यादी शेवटीच उघडतात."

"हें काय? जुगार की काय हा?"

"तसं केल्याशिवाय औषधाने गुण आला की आपोआप, ते कळणार कसं?"

अनिरुद्धराव गणिताचे मास्तर. मुद्दा त्यांना पटला, म्हणूनच त्यांना जास्त राग आला. शांभवीने मात्र सही कुठे करायची एवढंच विचारलं.

आणखी एक अट होती. पाय जमिनीला टेकवायचा नाही; हलायचं तर कुबडी घेऊन. शांभवीने वैद्यकीय रजा टाकली. सरकारी नोकरी, रजा मिळाली. अनिरुद्धराव पहाटे लवकर उठून पाणी भरायला लागले, सांबार-भात शिजवून डबा झाकून शाळेत जायला लागले. त्यांचं सांबार पहिल्यांदा खारट झालं, मग अळणी, आणि मग बरं व्हायला लागलं. शांभवी दिवसभर पलंगावर. पाय उशीवर. ट्यूब फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे.

दवाखान्याच्या बाकावर तिची नटराजशी ओळख झाली.

तोही चाचणीतलाच. पन्नाशीचा, काळासावळा, कपाळाला भस्म, डाव्या पायाला पट्टी. शांभवीच्याच मुलुखातल्या एका गावात, शंकराच्या देवळात नैवेद्याचा पोंगल, गूळ घातलेला डाळ-भात, शिजवणारा. बापाकडून आलेलं काम. भाताची गरम पेज, सांडलेलं पाणी, ओली फरशी, सगळ्यात अनवाणी उभं राहायचं. केव्हा भाजलं आणि केव्हा चिघळलं ते त्यालाही कळलं नव्हतं. तो तमिळमध्ये हळू आवाजात बोलायचा आणि तिला 'अम्मा' म्हणायचा.

"देवाचा पोंगल चाखायचा नसतो," त्याने एकदा हसत सांगितलं, "म्हणून लोकांना वाटतं, याला शुगर कशी झाली? अम्मा, देवाचा झाल्यावर उरलेला कोण खातो?"

दोघं आपापल्या ट्यूब कापडी पिशवीतून काढून शेजारी शेजारी ठेवायची. हुबेहूब सारख्या. तोच पांढरा रंग, तेच झाकण, फक्त आकडा वेगळा. नटराज झाकण काढून वास घ्यायचा. स्वयंपाक्याचं नाक. "काही कळत नाही," म्हणायचा. "दोन्हीला वास नाही."

"घरी फ्रिज आहे का तुमच्या?" तिने विचारलं.

"सोडावाल्याच्या दुकानात आहे, अम्मा. त्या लाल कंपनीने आता त्याला काचेच्या दाराचा मोठा फ्रिज दिलाय. बाटल्यांच्या मागे ठेवतो माझी ट्यूब."

"तो रात्री फ्रिज बंद करून जात असेल."

नटराजने खांदे उडवले. शांभवीला त्यानंतर किती तरी वेळ ते काचेचं दार डोळ्यांसमोर दिसत राहिलं.

टाय लावलेला कंपनीचा माणूस मद्रासहून यायचा, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा. पायाचाच. चेहरा फोटोत येऊ नये याची त्याला फार काळजी. पहिल्या फोटोत दोघांच्या जखमा जवळजवळ सारख्या होत्या. पुढे शांभवीच्या जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल ठिपके आले. तिने असल्या जखमा खूप पाहिल्या होत्या. ते ठिपके म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. तरी तिचा विश्वास बसेना. रोज सकाळी ती जमिनीवर आरसा ठेवायची, त्यावर पाय धरायची आणि बघत राहायची. आज लहान आहे का? की आरसा लांब धरलाय? अनिरुद्धरावांना बोलवायची. ते शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन यायचे, पण मोजायचा धीर त्यांनाही व्हायचा नाही. "बरं दिसतं अहे," एवढंच म्हणायचे आणि पट्टी परत ठेवायचे.

नटराजची जखम होती तशीच राहिली. फिकट, चिकट, कडा सुजलेल्या.

"तुमच्यात आहे, अम्मा," तो एकदा म्हणाला. तिच्या पायाकडे पाहून त्याला खरंच आनंद झालेला दिसत होता. "माझ्यात नुसतं पाणी असणार."

"असं आत्ताच कसं सांगता येईल?" शांभवी म्हणाली. पण तिलाही तसंच वाटत होतं, आणि तसं वाटताना मनाच्या एका कोपऱ्यात जे हायसं वाटत होतं त्याची तिला लाज वाटली.

थंडीतला मार्गळी हा तमिळ महिना लागला. पहाटे बायका दारात मोठमोठ्या रांगोळ्या घालायला लागल्या, देवळांचे भोंगे अंधारातच सुरू व्हायला लागले. ठरलेल्या दिवशी नटराज बाकावर आला नाही. पुढच्या वेळीही नाही. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, त्याला निरोप पाठवलाय. शांभवीने दोन दिवस कळ काढली, आणि मग नवऱ्याला म्हणाली, "टॅक्सी करा. मला त्या गावास जायचं अहे."

"पाय टेकायचा नाही तुला."

"टेकत नाही. तुम्ही धरा मला."

सूर्य नुकता वर येत होता. देवळाच्या मागच्या अंगाला नैवेद्याचं स्वयंपाकघर, काळं पडलेलं, धुराने भरलेलं. दारातून शांभवीला नटराज दिसला. पितळेच्या हंड्यावर वाकून तो लांब दांड्याने पोंगल ढवळत होता. अंगावर ओलं धोतर. पायावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, तीही तळाशी फाटलेली, आणि फरशीवर सगळीकडे पाणी. डॉक्टरांनी दिलेली मऊ तळाची सँडल बाहेर भिंतीशी नीट ठेवलेली होती.

ती कुबडीवर रेलून उभी राहिली. हंडा उतरवून तो बाहेर आला तेव्हा तिने त्याला बसायलाही दिलं नाही.

"हे काय चाललंय? पाय ठेवायचाय की नाही?"

"बाहेर आलो की घालतो ना सँडल. आत चामडं, रबर कसं नेऊ, अम्मा? नैवेद्य आहे."

"मग रजा घ्या! महिनाभर."

"मार्गळीत?" तो हसला. रोज पहाटे पोंगल, सगळा गाव दारात. वर्षभर ज्याच्यासाठी तो स्वयंपाकी होता तो हाच महिना. "माझा चुलतभाऊ आहे. एकदा आत आला की बाहेर जाणार नाही. आणि खरं सांगू? त्याला जमायचं नाही. गूळ करपवतो तो."

अनिरुद्धराव मध्येच म्हणाले, "देवाला कळत नाही होय तुमचा पाय?"

"देवाला कळतं, सार. गावाला कळत नाही."

शांभवीने त्याला तिथेच पायरीवर बसवून पिशवी सोडली. खालची पट्टी भिजून लगदा झाला होता. करंगळीजवळ, कातडीखाली, एक निळसर डाग होता. तिने बोट टेकवलं. तिथे गार होतं. तिने वर पाहिलं तर तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि तिला चेहरा सांभाळता आला नाही.

आजच मोठ्या दवाखान्यात चला, असं तिने परोपरीने सांगितलं, पण महिना पुरा होईपर्यंत तो हलणार नव्हता. घरी आल्यावर तिने फ्रिज उघडून दह्यामागची ट्यूब काढली, हातात धरून बसली.

"कांही करूं नक्को तसलं," अनिरुद्धराव म्हणाले. त्यांनी ओळखलं होतं.

"माझं भरत आलं अहे."

"भरत आलं म्हण्जे भरलं नव्हे. पाव राहिलं म्हण्जे पाव राहिलंच की. आणि नियम अहे. तूं सही केलीस."

"त्याच्यांत पाणी अहे हो. मला दिसतं अहे. माझ्यांत औषध अहे, तें मी इथें दह्यामागे ठेवूं, आणि तो तिकडे…"

"आणि उद्यां तुझं परत उघडलं तर?" त्यांचा आवाज चढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो असा चढलेला तिने क्वचित ऐकला होता. "मग मी काय करूं? सांग! मी कोणाकडे मागायला जाऊं?"

तेव्हा तिने वडिलांची गोष्ट सांगितली. खुर्ची, घडी घातलेलं धोतर, नसलेल्या अंगठ्याची खाज, आणि हवेत फिरणारा आपला हात. "मला तें माझं होईल म्हणून भय होतं," ती म्हणाली. "अत्ता त्याचं होईल म्हणून अहे. तेवढंच भय अहे, कमी नाही."

अनिरुद्धरावांनी आत जाऊन थर्मास धुतला, शेजाऱ्यांकडून बर्फ आणला, ट्यूब प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवली. "तूं उतरूं नक्को पलंगावरून," म्हणाले आणि शाळा बुडवून बसने नटराजच्या गावी गेले.

त्यानंतरचे दिवस शांभवीच्या आयुष्यातले सर्वांत वाईट. ती नुसत्या मिठाच्या पाण्याची पट्टी बांधत होती. आरशात पाय धरला की वाटायचं, कड पुन्हा पांढरी होतेय. हात लावून बघायची, गरम आहे का, गार आहे का. बोटालाही आता तिचा भरवसा नव्हता. एकदा दुपारी एकटी असताना तिच्या मनात स्पष्ट आलं, ट्यूब परत मागवावी. ती उठून बसली. मग स्वतःच्या थोबाडीत मारावी तशी गालावर चापट मारून पुन्हा आडवी झाली. अनिरुद्धरावांना तिने हे सांगितलं नाही. तेही रोज शाळेतून येऊन आधी तिच्या पायाकडे बघायचे, मग तिच्याकडे.

जखम बंद झाली. पोंगलच्या सणाच्या सुमाराला वर पातळ, गुलाबी, चकचकीत कातडी आली. शांभवीने ती पाहिली आणि तिला रडू आलं, आणि अनिरुद्धरावांनी पहिल्यांदाच कंपासपेटीतली पट्टी लावून मोजलं. मोजायला काही नव्हतं.

त्याच आठवड्यात नटराजचा पाय काळा पडला. मोठ्या दवाखान्यात नेऊन गुडघ्याखाली कापला. शांभवी भेटायला गेली तेव्हा वॉर्डात बायको त्याला उशीला टेकवून बसवत होती. पांघरूण एका बाजूला सपाट पडलं होतं. शांभवीने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तिने तिकडेच पाहिलं.

"तुमचं औषध चांगलं होतं, अम्मा," नटराज म्हणाला. औषधाच्या गुंगीने त्याची जीभ जड झाली होती. "माझ्या पायालाच उशीर झाला. महिना मात्र पुरा केला हां. शेवटच्या दिवसापर्यंत पोंगल माझ्याच हातचा."

ती डॉक्टर भरद्वाजांकडे गेली आणि ट्यूब आपण दिली होती हे त्यांना सांगितलं. ते संतापले. दोघांचीही नावं चाचणीतून गेली, इतक्या महिन्यांचं काम वाया गेलं. शांभवीने ऐकून घेतलं. शेवटी त्यांचा राग आपोआप विझला.

तमिळ मासी महिन्यात, उन्हं तापायला लागली तेव्हा, त्यांनी तिला बोलावून घेतलं. कोणाला काय मिळालं त्याची यादी मद्रासहून उघडून आली होती.

"तुम्हाला कळायला हवं असं मला वाटलं," ते म्हणाले. "तुमच्या ट्यूबमध्ये औषध होतं."

शांभवीने मान हलवली.

"नटराजच्याही."

तिला आधी शब्द कळले, अर्थ मागून आला. "त्याच्याहीं? म्हण्जे पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. दोघांचं एकच."

"मग त्याचं काशास नाही भरलं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्याचा पाय एकही दिवस जमिनीवरून उचलला गेला नाही. साखर आटोक्यात नव्हती. तो सोडावाल्याचा फ्रिज. यातलं नक्की काय, ते मला नाही सांगता येणार. औषध हाक मारतं, शांभवीअक्का. हाक ऐकून कुणी यायचं तर पाय क्षणभर तरी निवांत हवा ना."

ती बाहेर येऊन बाकावर बसली. दह्यामागची ती ट्यूब, थर्मासमधला बर्फ, नवऱ्याची बुडालेली शाळा. तिने त्याला जे पाठवलं ते त्याच्याकडे आधीच होतं. आणि त्याच्याकडे जे नव्हतं, पलंग, उशी, पगारी रजा, पाणी भरणारा माणूस, ते ट्यूबमध्ये भरून पाठवता आलं नसतं. बाकावर नवे रोगी होते. एका बाईने तिला विचारलं, इथे ते नवीन औषध मिळतं का? शांभवी म्हणाली, "मिळतं. पण आधी पाय वर घेऊन बसा बघू."

पुढच्या महिन्यात ती कामावर रुजू झाली. गावं तीच, बांध तोच, चाल मात्र जरा जपून. नटराजच्या गावात पहिल्याच फेरीला ती देवळाकडे वळली.

प्रदोषाचा दिवस होता, संध्याकाळची गर्दी जमायला लागली होती. स्वयंपाकघरात आता चुलतभाऊ होता. अंग भंगलेल्या माणसाने नैवेद्याला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. नटराज दाराबाहेर, उंबऱ्याला खेटून, लाकडी पाटावर बसला होता. कुबड्या भिंतीशी. तोंड आतल्या बाजूला.

"पाणी कमी आहे," तो आत ओरडला. "आवाज ऐक. असा फुटका आवाज येतो का कधी?"

आतून कुरकुर ऐकू आली, मग पाणी ओतल्याचा आवाज.

शांभवी त्याच्या शेजारी खाली बसली. त्याने बघून मान हलवली, हसला, पण कान आतच होता. तिने पिशवी बाजूला ठेवली आणि त्याचा उजवा पाय, उरलेला, उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"अम्मा, अम्मा, नको," तो गडबडून पाय ओढायला लागला. दर्शनाच्या रांगेतले लोक बघत होते. "देवळात तुम्ही माझा पाय धरायचा? पाप लागेल मला."

"गप्प बसा," शांभवी म्हणाली.

तिने तळवा उजेडाकडे वळवला. टाच बघितली, कडा बघितल्या. बोटं एकेक वेगळी करून मधली जागा पदराने कोरडी केली. नटराजने पाय ओढणं थांबवलं. रांग पुढे सरकत होती. त्याने पुन्हा तोंड दाराकडे केलं, डोळे मिटले, आतल्या वाफेचा वास छातीभर घेतला.

"आता गूळ घाल," तो म्हणाला. "हळू. सगळा एकदम नको."

शांभवी करंगळीपाशी पोचली होती.